लेखनिक फक्त परीक्षेपुरताच का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी विजेचा शॉक बसल्यामुळे माझ्या उजव्या हाताची तीन बोटं नीट वळत नाहीत. प्रमाणपत्रावर ३५ टक्के दिव्यांगत्व आहे. दहा-पंधरा मिनिटं लिहिलं की हात आखडतो आणि निम्मं लेक्चर वहीत येतच नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू का विचारलं, तर सरांनी कॉपीराइटचं कारण सांगून नकार दिला. प्राचार्य म्हणतात, लेखनिक परीक्षेला मिळतो, वर्गात नाही. आणि तोही ४० टक्क्यांच्या वर असेल तरच. वडील म्हणतात, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत, गप्प बस. काय करू?

उत्तर : सुरुवात ४० टक्क्यांपासून करू, कारण नकाराचा मोठा भाग त्या आकड्यावर उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन निरनिराळ्या व्याख्या आहेत. कलम २(आर) मधली ४० टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. कलम २(एस) मध्ये 'दिव्यांग व्यक्ती' कोण ते सांगितलं आहे आणि तिथे टक्क्यांचा उल्लेखच नाही. 'वाजवी सोय', म्हणजे इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून करायचे आवश्यक बदल, ही कलम २(वाय) प्रमाणे या दुसऱ्या, व्यापक गटासाठी आहे. शिवाय अशी सोय नाकारणं हा कलम २(एच) नुसार भेदभावच ठरतो.

हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात स्पष्ट केला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता. ४० टक्क्यांची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पाठोपाठ १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे प्राचार्यांचं म्हणणं परीक्षेपुरतंही टिकत नाही.

हा निकाल परीक्षेबद्दलचा आहे, वर्गाबद्दलचा नाही, असं महाविद्यालय म्हणू शकेल. त्यावर कलम १६ दाखवा. सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय आणि आवश्यक ते साहाय्य असावं, असं ते सांगतं. त्या कलमाची सुरुवात 'प्रयत्न करील' अशा सौम्य भाषेत आहे, हे तुम्हाला माहीत असू द्या; समोरचा वकील नेमका तिथेच बोट ठेवेल. पण भेदभावाची व्याख्या तशी सौम्य नाही. शिवाय परीक्षेला लेखनिक द्यायचा आणि त्याला सांगण्यासारखं काही वर्षभर वहीत उतरू द्यायचं नाही, याला काय अर्थ आहे?

आता सरांचा कॉपीराइट. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यान देणारी व्यक्तीही गायक-नटांप्रमाणे 'परफॉर्मर' मानली आहे आणि रेकॉर्डिंगबाबत तिला हक्क आहेत. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा त्या हक्कांचा भंग ठरत नाही. तेव्हा वाद घालू नका, लेखी हमी द्या : रेकॉर्डिंग फक्त माझ्या अभ्यासासाठी वापरेन, कुणाला पाठवणार नाही, सत्र संपल्यावर पुसून टाकेन. आणि ती पाळा. एक क्लिप वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली, तर तुमची बाजू तिथेच संपली.

खरं म्हणजे माझा भर रेकॉर्डिंगवर नाही. तासाभराचं लेक्चर पुन्हा ऐकायला तासच लागतो, आणि फळ्यावरची समीकरणं त्यात येत नाहीत. प्राचार्यांना अर्ज करा आणि नेमकं मागा. प्रत्येक विषयासाठी नीट नोट्स काढणारा एक विद्यार्थी महाविद्यालयाने नेमावा, तो गैरहजर असेल तर दुसरा कोण हेही ठरवावं आणि त्या नोट्सची झेरॉक्स त्याच दिवशी ग्रंथालयातून मिळावी. पीपीटी असेल तर आधी द्यावी, फळ्याचा फोटो काढू द्यावा. त्या विद्यार्थ्याला 'कमवा आणि शिका' योजनेतून मोबदला देता येईल का, किंवा त्याचे तास एनएसएसमध्ये धरता येतील का, हेही सुचवा. 'मित्राच्या वहीचे फोटो काढ' हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. मित्र भला असतो, पण त्यालाही ताप येतो, आणि परीक्षेच्या तोंडावर वही त्यालाही लागते.

कायद्यात संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये अशी मर्यादा आहे. प्रत्येक तासाला पगारी टंकलेखक मागितलात तर लहान महाविद्यालय तिचा आधार घेईल. झेरॉक्सचा बोजा होतो, असं कुणाला म्हणता येणार नाही.

वडिलांची भीती मी खोटी म्हणणार नाही. म्हणूनच अर्जात कुणाही प्राध्यापकाचं नाव नको, तक्रारीचा सूर नको. प्रमाणपत्राची प्रत आणि हाताबद्दल डॉक्टरांचं पत्र जोडा, आवक क्रमांकासह पोच घ्या. उद्या मार्कांत काही विचित्र घडलंच, तर हा तारखेचा कागद तुमच्या बाजूने बोलेल. तोंडी विनंत्यांचा पुरावा राहत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथेही न्याय मिळाला नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. दुसरी वाट म्हणजे पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांची. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे चौकशीचे अधिकार आहेत, पण निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. शिफारस मान्य केली की नाही, हे संस्थेला तीन महिन्यांत कळवावं लागतं. रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद मागणं, हे शेवटी. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला असल्यामुळे सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. माझा अंदाज, तुमचं प्रकरण समितीच्या पलीकडे जाणार नाही.

परीक्षेच्या लेखनिकासाठी अर्ज वेगळा करा. लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र त्याला लागेल. ते मिळायला वेळ जातो, तेव्हा परीक्षेचा फॉर्म निघायची वाट पाहू नका.