तिसऱ्या पंचाचा डोळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पायचीतचा निर्णय टीव्हीवर तपासताना चेंडू स्टंपला चाटून जाणार असं पडद्यावर दिसतं. पंचांनी आधी बाद दिलं असेल तर बाद, नाबाद दिलं असेल तर नाबाद. चेंडू तोच, मग निकाल दोन कसे? (सातारा)

उत्तर : चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी मोजलेला असतो. त्यापुढचा मार्ग हा अंदाज असतो, कारण तो चेंडू पुढे गेलेलाच नसतो. हा अंदाज टप्पा आणि पॅड यांच्यामधल्या प्रवासावर बांधतात. चेंडू आखूड टप्प्याचा असेल तर हा प्रवास लांब, म्हणून अंदाज पक्का. टप्पा पडल्या पडल्या चेंडू पॅडवर आदळला तर हाती फार थोड्या फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, येतात. त्यात फलंदाज पुढे येऊन खेळलेला असला तर स्टंपपर्यंतचं अंतरही वाढतं. 2011 च्या विश्वचषकात बंगळुरूला इंग्लंडचा फलंदाज इयान बेल याला नाबाद दिलेला निर्णय याच कारणाने कायम राहिला होता. पॅडवरचा आघात स्टंपपासून अडीच मीटरहून लांब होता.

चेंडूचा व्यास साधारण सव्वासात सेंटिमीटर. नाबादचं बाद करायचं तर निदान अर्धा चेंडू यष्टींच्या चौकटीत लागताना दिसला पाहिजे. त्याहून कमी लागत असेल तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम, यालाच ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. आमच्या मते हे योग्यच आहे. चूक असलीच तर चित्रात आहे. टीव्हीवर चेंडूचा पुढचा मार्ग इतका ठाशीव रंगवतात की तो अंदाज आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. टप्पा कुठे पडला हे मात्र मोजलेलं असतं, म्हणून तिथे ‘अंपायर्स कॉल’ नसतो. आणि 2017 पासून अंपायर्स कॉल आला तरी संघाचा रिव्ह्यू, म्हणजे निर्णय तपासून घ्यायची संधी, वाया जात नाही.

प्रश्न : 2024 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थला के. एल. राहुलच्या वेळी आवाजाची रेघ उसळली आणि त्याला बाद दिलं. मेलबर्नला यशस्वी जैस्वालच्या वेळी रेघ सपाट होती, तरी बाद! नियम तरी काय? (डोंबिवली)

उत्तर : स्टंपमधला माइक फक्त आवाज टिपतो, आणि पडद्यावरची रेघ त्याच आवाजाची. तो कशाचा आहे हे त्याला कळत नाही. बॅट पॅडला घासली, बुटाला लागली, जमिनीवर आपटली तरी रेघ उसळते. म्हणून चेंडू बॅटच्या शेजारी असतानाच्या नेमक्या फ्रेमला रेघ उसळली का, हे पाहावं लागतं. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू नेहमीच्या प्रक्षेपणातल्या एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, 78 सेंटिमीटर पुढे जातो. एखादी फ्रेम इकडची तिकडे झाली तरी सगळा अर्थ बदलतो.

पर्थला रेघ उसळली त्याच सुमारास बॅट पॅडला लागली होती का, हा खरा प्रश्न होता. तो समोरच्या कोनातून सुटला असता, पण ते चित्र तिसऱ्या पंचांना, म्हणजे टीव्हीवर पाहून निर्णय देणाऱ्यांना, वेळेवर मिळालं नाही. मैदानावर नाबाद दिलेलं असताना एवढ्या पुराव्यावर निर्णय फिरवायला नको होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. जैस्वालची गोष्ट वेगळी. तिसरे पंच आधी चित्र पाहतात, आवाजाकडे नंतर वळतात. चेंडूची दिशा बदललेली स्पष्ट दिसली तर तेवढा पुरावा पुरतो. ग्लव्हला पुसटसा स्पर्श झाला तर आवाज होईलच असं नाही.

प्रश्न : झेल जमिनीलगत असला की पंच आधी स्वतःचं मत खुणेने सांगायचे. आता का सांगत नाहीत? (नागपूर)

उत्तर : ती पद्धत जून 2023 पासून बंद झाली. 60-70 मीटरवरून पंचांना नीट दिसलेलंच नसे, आणि तरी त्यांच्या मताचं ओझं तिसऱ्या पंचांवर पडायचं.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धेचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होतं. यंदा त्याच चित्रावरून धावबाद तपासायचा विचार आहे. चालेल का? (चिपळूण)

उत्तर : प्रक्षेपणाचं चित्र नको. ते दाबून बारीक केलेलं असतं आणि बहुतेक वेळा सेकंदाला 25 किंवा 30 फ्रेमचं असतं. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला सात मीटर जातो, म्हणजे 30 फ्रेममध्ये दर फ्रेमला 23 सेंटिमीटर. ‘स्टंपवरची बेल उडाली तेव्हा बॅट कुठे होती’ याचं उत्तर दोन फ्रेमच्या मधेच हरवतं. 120 फ्रेमवर हे अंतर सहा सेंटिमीटर होतं, 240 वर तीन. त्यामुळे प्रत्येक क्रीझसाठी एक वेगळा फोन ठेवा, स्लो मोशनवर. गोलंदाज धावू लागला की रेकॉर्डिंग सुरू आणि चेंडू संपला की बंद. नाहीतर दुपारच्या उन्हात फोन तापून ऐन वेळी बंद पडतो.

सगळ्यात जास्त चुका स्टँड लावण्यात होतात. फोन पॉपिंग क्रीझच्या, म्हणजे फलंदाजाला बॅट जिच्या आत टेकवावी लागते त्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत हवा. तो 60 मीटर लांब, तीन मीटर उंचीवर आणि रेषेपासून तीन मीटर बाजूला असला, तर जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर असलेली बॅट पडद्यावर सुमारे दहा सेंटिमीटर पुढे किंवा मागे टेकल्यासारखी दिसते. फलंदाज बाहेर असून आत दिसेल! सामन्याआधी मांडव घालणाऱ्यांकडची सुतळी क्रीझवरून सीमारेषेपर्यंत ताणा आणि तिच्यावरच स्टँड रोवा. लेगचे पंच याच रेषेत उभे राहतात, म्हणून फोन समोरच्या बाजूला ठेवा. डावखुरा आला की पंच बाजू बदलतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरून दिसेल एवढी उंची हवीच.

शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, शक्य तर सेकंदाच्या हजाराव्या भागावर बांधून टाका. फोन स्वतःहून पन्नासाव्या भागावर गेला तर बॅटच्या टोकाचा 14 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो. रात्रीच्या सामन्यात एवढा उजेड मिळत नाही, शिवाय दिवे लुकलुकतात. आदल्या रात्री कुणाला तरी पळवून पाहा. बॅट ओळखू येत नसेल तर रात्रीचे सामने या सोयीविना खेळवा.

पाहायची फ्रेम एकच : बेल खाचेतून पूर्ण सुटली ती पहिली फ्रेम. नुसती हललेली बेल धरू नका. त्या फ्रेममध्ये बॅटचा काही भाग रेषेच्या आत जमिनीला टेकलेला हवा. रेषेवर असेल तर बाद. फलंदाज धावत किंवा झेपावत येऊन बॅट आत टेकली आणि मग त्याच ओघात उचलली गेली, तर मात्र तो नाबाद. 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकरला टीव्ही पाहून धावबाद दिलं, तेव्हाही हेच दोन क्षण जुळवून पाहिले होते.

फोन हाताळणारा माणूस कुठल्याही संघाचा नको. दोन मिनिटांत स्पष्ट फ्रेम सापडली नाही तर नाबाद, हे सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगून ठेवा. स्पर्धेत पायचीत असेल तर त्यासाठी हे फोन अजिबात वापरू नका. बाजूने काढलेल्या चित्रात चेंडूची रेषा दिसतच नाही.