कंट्रोल-अल्ट-डिलीट पलीकडच्या संगणकापर्यंत पोचवताना

उबुंटूच्या (लिनक्सच्या एका प्रकारच्या) लॅपटॉपवरून रेमिना या दूरचा संगणक चालवण्याच्या प्रोग्रामद्वारे कार्यालयातील विंडोज संगणकाला जोडले असता, पासवर्ड बदलण्यासाठी दाबलेले कंट्रोल-अल्ट-डिलीट आपल्याच लॅपटॉपवर लॉग आउटची चौकट उघडते, ही आपली तक्रार वाचून मला माझी जुनी फजिती आठवली. उपाय एका ओळीचा आहे: डिलीटऐवजी एंड, म्हणजे कंट्रोल-अल्ट-एंड दाबावे. आरडीपी (विंडोजची दूरच्या संगणकाला जोडण्याची पद्धत) सत्रात विंडोज त्यालाच कंट्रोल-अल्ट-डिलीट मानते.

हे एवढेसे वाक्य मला कोणी वेळेवर सांगितले नाही. आमच्या संगणक विभागाला मी तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा ‘कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबून पासवर्ड बदलावा’ हेच छापील उत्तर आले. मी विंडोजसमोर बसलेलो नाही, हे वाचण्याची तसदी कोणी घेतली नसावी. शेवटी वैतागून मी मेन्यूतील ‘कंट्रोल-अल्ट-डिलीट पाठवा’ हा पर्याय शोधला आणि न पाहता दाबला. तो नेमका शेजारच्या खिडकीत दाबला गेला, आणि त्या खिडकीत एका लिनक्स सर्व्हरचा मजकुरी कन्सोल, म्हणजे फक्त अक्षरांत आज्ञा देण्याचा पडदा, उघडा होता. विंडोजमध्ये या कळा केवळ सुरक्षेचा पडदा आणतात. सिस्टिमडी (यंत्र सुरू-बंद करणे व सेवा सांभाळणारी प्रणाली) असलेल्या बहुतेक लिनक्समध्ये मात्र, कन्सोलवर त्यांचा अर्थ ‘यंत्र पुन्हा सुरू करा’ असा होतो आणि ‘खात्री आहे का?’ असे कोणी विचारत नाही. महिनाअखेरीचा हिशेब सहा तास चालून निम्म्यावर आला होता. तो पहिल्यापासून करावा लागला आणि मेन्यूवर बोट ठेवणारा मीच असल्याने दोष कोणाला देण्याचीही सोय राहिली नाही. म्हणून मी असे सर्व्हर हाती येताच त्यांच्यावरील ‘कंट्रोल-अल्ट-डेल टार्गेट’, म्हणजे या कळांनी चालणारी सिस्टिमडीची नोंद, मास्क (पूर्ण बंद) करून टाकतो. हे माझे मत आहे; आपल्या संस्थेचे नियम वेगळे असल्यास आधी परवानगी घ्यावी.

अल्ट-टॅब किंवा विंडोज कळ हा निराळा प्रकार आहे. त्या स्थानिक डेस्कटॉपच अडवतो, म्हणून रेमिनात सर्व कळा ताब्यात घेण्याचा पर्याय चालू करावा लागतो. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये हीच निवड ‘लोकल रिसोर्सेस’खाली असते आणि मुळात ती फक्त पूर्ण पडद्यासाठी लागू असते, त्यामुळे छोट्या खिडकीत ‘कालपर्यंत चालत होते’ असा भास होतो.

मॅकच्या लॅपटॉपवर एंड ही कळच नाही. तिथे एफएन आणि उजवा बाण एकत्र दाबल्यास एंड मिळते. एका रिमोट सत्रातून दुसरे उघडले असेल, तर कंट्रोल-अल्ट-एंड पहिल्याच सत्रात अडकते. अशा वेळी सर्वांत आतील विंडोजवर पडद्यावरचा कळफलक उघडून, कंट्रोल आणि अल्ट हाताने दाबून धरावेत व डेल माउसने दाबावे. हा प्रकार ओबडधोबड आहे, पण मला तो उपयोगी पडला आहे.

पासवर्ड बदलायचाच असेल, तर मुदत संपण्याची वाट पाहू नये. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे सत्र उघडण्याआधीच ओळख तपासणे, सक्तीचे असल्यास, मुदत संपलेल्या पासवर्डने सत्रच सुरू होत नाही, आणि मग त्याच विभागाला चौथे पत्र लिहावे लागते.