अमाइन (प्रोटॉन घेणारं नायट्रोजनयुक्त संयुग) आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचा १:१ क्षार मिळालाय. म्हणजे त्यात हायड्रोजनऑक्झॅलेटच, म्हणजे दोनपैकी एकच प्रोटॉन गमावलेलं आम्ल, असणार ना?

तेवढ्यावरून ठरवू नका. तुमच्या ॲनालिसिसमधून अमाइन आणि आम्लाचं प्रमाण कळलं, पण प्रोटॉन कुठे बसलाय हे त्यातून कळत नाही. या क्षारांमध्ये मात्र सगळं त्यावरच अवलंबून असतं.

तुमचा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो, हेही सांगतो. ऑक्झॅलिक आम्लाचा पहिला पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो याचं माप; आकडा लहान तितका सहज) साधारण १.२५, दुसरा ४.२ च्या आसपास. पहिला प्रोटॉन अमाइन सहज घेतं आणि उरलेले हायड्रोजनऑक्झॅलेट आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडले जातात: एकाचा ओएच पुढच्याच्या कार्बॉक्सिलेटला, म्हणजे प्रोटॉन गेलेल्या टोकाला. हा हायड्रोजन बंध चांगलाच आखूड असतो, ऑक्सिजन ते ऑक्सिजन २.५ ते २.६ ॲंगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक). प्रोटॉन घेतल्यावर अमाइनचं अमोनियम होतं, आणि त्याचे एनएच या साखळ्यांना आडवे बांधतात. प्राथमिक अमाइनचे (नायट्रोजनवर एकच कार्बन गट) असे तीन हात, म्हणून थर किंवा त्रिमितीय जाळं तयार होऊ शकतं. तृतीयक अमाइनचा (तीन कार्बन गट) एकच, आणि तो पुष्कळदा ऑक्झॅलेटच्या दोन वेगवेगळ्या कार्बनवरचे ऑक्सिजन एकदम धरतो.

आता एसिटालोप्राम ऑक्झॅलेट पाहा. नैराश्यावरचं नेहमीचं औषध, सूत्र १:१. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या रचनेत दोन्ही प्रोटॉन गमावलेला ऑक्झॅलेट आणि एकही न गमावलेलं ऑक्झॅलिक आम्ल एकाच स्फटिकात शेजारी नांदताना दिसले! हिशेब करून बघा: दोन अमोनियम, एक ऑक्झॅलेट, एक आम्ल. विद्युतभार जुळला आणि प्रमाण १:१ च राहिलं. मला ही रचना फार आवडते.

तेव्हा सिंगल क्रिस्टल एक्स-रे (एका स्फटिकावर एक्स-रे टाकून अणूंच्या जागा शोधणं) करून घ्या आणि आधी कार्बन-ऑक्सिजन अंतरं मोजा. एका कार्बनवर १.२१ आणि १.३१ ॲंगस्ट्रॉम अशी जोडी दिसली, तर तिथे सीओओएच, म्हणजे प्रोटॉन शाबूत असलेलं टोक, आहे. दोन्ही १.२५ च्या जवळपास असली, तर प्रोटॉन गेलेला. हायड्रोजनच्या जागेवर थेट भिस्त ठेवू नका, कारण एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तोही ऑक्सिजनकडे ओढलेला. रिफाइनमेंट करताना, म्हणजे रचनेचं मॉडेल मोजलेल्या डेटाशी जुळवताना, ओएचचा हायड्रोजन सॉफ्टवेअरला परस्पर बसवू देऊ नका. डिफरन्स मॅपवर (मॉडेलमध्ये न धरलेले इलेक्ट्रॉन दाखवणारा नकाशा) शिखर कुठे येतंय ते स्वतः बघा, आणि ते या अंतरांशी जुळलं तरच तो तिथे ठेवा.