पहिली लांब पल्ल्याची एमटीबी (माउंटन बाइक) रेस: फी हा खर्चाचा छोटा भाग

दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकसारखी 8 दिवसांची, दोघांच्या जोडीने सायकलवर करायची रेस खुणावते हे खरं. पण तिथे फीवर विमानभाडं, सायकलचा बॉक्स आणि रोजची दुरुस्तीही येते. आधी एका दिवसाची 80-100 किमीची रेस करा. सहाव्या तासाला डोक्यात फक्त पुढचं वळण उरतं. ती चटक एका दिवसाच्या रेसमध्येही लागतेच.

नवी सायकल नको, झिजणारे भाग नवे हवेत. 11-12 स्पीडची (मागे तितके गिअर असलेली) चेन 0.5 टक्के ताणली गेली की बदला; तशीच दामटली तर ती महागडी कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) खाते. मात्र हे काम आदल्या रात्री नको. चिखलात रेझिनचे (मऊ) ब्रेक पॅड एका दिवसात पत्र्यापर्यंत जातात. सिंटर्ड (धातूचे) बसवा, किंचाळतात, किंचाळू द्या. चाक हलवून आत छपछप ऐकू आली नाही, तर सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) सुकलंय. खिशात टायर प्लग (भोकात ठासायची पट्टी), क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवा. दुसऱ्याचा बहुधा बसत नाही.

तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नवं एनर्जी जेल रेसच्या दिवशी प्रथमच फोडलं, तर पोट बंड करणारच.