बागेतल्या खोलीचा पाया: आधी जमीन बघा
मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गोराई-मनोरीकडच्या बागेत छोटी खोली उभारताय, छानच. पण खोलीचं डिझाइन नंतर. आधी हातभर खड्डा खणून बघा. मुरूम, म्हणजे खडेयुक्त घट्ट माती, लागला तर निम्मं काम झालं. काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं काँक्रीट तडकवते. ती काढून मुरूम भरा, पाणी मारत थराथराने धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. ताजी भरणी असेल तर एक पावसाळा जाऊ द्याच.

अवजारं-कुंड्यांपुरती लाकडी खोली असेल तर अख्खा स्लॅब कशाला? काँक्रीटचे ठोकळे पुरतात. फळ्यांखालून वारा खेळतो आणि आपल्या दमट हवेत लाकूड टिकवायला तेच लागतं. खांब मात्र थेट मातीत पुरू नका, वाळवी लागलीच म्हणून समजा. ठोकळ्यावर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) बेस प्लेट बसवा आणि अँकर बोल्टने आवळा. मे 2021 मधलं तौक्ते चक्रीवादळ आठवा, वाऱ्याने हलकी खोली उचलली जाते. विटांची खोली असेल तर डबराचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), वर पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), मग जोतं, म्हणजे जमिनीवर उचललेला चौथरा.

जोत्याच्या उंचीत कंजुषी नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या वेळी पाणी कुठवर चढलं ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा आणि जोतं त्याच्या वीतभर वर घ्या. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम लागतात, म्हणून खणण्याआधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.