विदर्भातल्या पावसात जंगलात फिरायला मेणाचं सुती जॅकेट घ्यावं की गोरटेक्ससारखं नवं कापड?

बदली होऊन चंद्रपूरकडे येताय आणि पावसाळ्यात रोज पायी जंगलात काम आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी याच जिल्ह्यात पावसाळाभर बाहेर असतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन्हींवर पैसे घालवू नका. दोन्ही कापडं थंड पावसासाठी आहेत, आपला पाऊस कोमट.

मेणाचं कापड मुळात खलाशांचं. ते शिडाच्या कापडाला जवसाचं तेल चोळायचे. थंडीत ते कडक व्हायचं, म्हणून पुढे पॅराफिन मेण आलं. आपल्या झडीत ते घालून चढ चढलात की घामानेच भिजाल. उघाड पडल्यावर उन्हातल्या गाडीवर राहिलं तर मेण चिकट होतं, ओलं गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते. साबण चालत नाही, दरवर्षी नव्याने मेण चोळावं लागतं. बोर-बाभळीच्या काट्यात मात्र ते सहज फाटत नाही, हा गुण खरा.

गोरटेक्स म्हणजे कापडाच्या आत बसवलेला एक पातळ पडदा. तो बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून काढला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब अडतो आणि घामाची वाफ निघून जाते. पण ही वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या फरकामुळे. झडीत बाहेरची हवाच दमट, त्यामुळे तो फरक फार थोडा उरतो. त्यात वरचा पाणी झटकणारा लेप घासून गेला की बाहेरचं कापड पाणी धरतं आणि वाफेची वाट आणखी अडते. एवढी किंमत मोजून हे कशाला?

इकडे धानाच्या रोवणीवरच्या बाया बघा. डोक्यावरून पाठीवर पॉलिथिनची खोळ, पुढून सगळं मोकळं. वाकलेल्या पाठीवर पाऊस झेलला जातो आणि खालून हवा खेळते. मला यात सगळं उत्तर दिसतं. मोकळ्या रस्त्याला सैल पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा रेनकोट, घ्या. झुडपांत तो अडकतो, तिथे काखेत चेन असलेलं साधं, ढिलं नायलॉनचं जॅकेट. आत सुती बनियन नको, ते दिवसभर ओलं राहतं. पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट लवकर वाळतो. आतून लेप दिलेलं नायलॉन दमट पेटीत कोंबलं तर त्या लेपाचे पापुद्रे सुटतात, तेव्हा वाळवून टांगून ठेवा.

मेणाचं जॅकेट आधीच घेतलं असेल तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटारसायकलवर वापरा. तेव्हा इकडे थंडी चांगलीच असते, आणि वारा ते उत्तम अडवतं.