वाद घालून कोणाचं मत बदलत नाही, मग वाद घालायचा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वादानं समोरच्याचं मत बदलत नाही, नाती मात्र बिघडतात, मग माणसं वाद का घालतात आणि त्याचा उपयोग काय?

पहिला भाग मला जवळजवळ मान्य आहे. भर वादात, चारचौघांसमोर, "हो, माझं चुकलं" म्हणणारा माणूस मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. दोन्ही वेळा तो मी नव्हतो. पण उपयोगाबद्दल एक किस्सा सांगतो.

आमची सोसायटी चार मजल्यांची. लिफ्टची मोटार आणि दोर बदलायला आले होते. खर्च मोठा, म्हणून सगळ्यांकडून जादा वर्गणी काढायची ठरली. तळमजल्यावरचे काका सभेत उभे राहिले. "अठरा वर्षांत मी लिफ्टचं बटण दाबलेलं नाही. मी एक रुपया देणार नाही." मी सेक्रेटरी, त्यात चौथ्या मजल्यावर राहणारा. आदर्श उपविधींची, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांची पुस्तिका मी घेऊनच गेलो होतो. लिफ्टच्या दुरुस्ती-देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. वाचून दाखवलं आणि मनातल्या मनात सभा संपवून टाकली.

काका म्हणाले, "त्याच पुस्तिकेत पाणीपट्टी कशी घ्यायची लिहिलंय?"

नळांच्या संख्येवर आणि आकारावर. म्हणजे ज्याच्याकडं जास्त नळ, त्यानं जास्त द्यायचं.

"मग पाण्याला वापर बघता आणि लिफ्टला नाही? का?"

मला उत्तर आलं नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा दाखला देऊन पाहिला. गळत माझ्या घरात होतं, तरी पैसे काकांनीही भरले होते. ते म्हणाले, "छप्पर सगळ्यांचं असतं. तुमच्याकडं आज गळतं, ते पाणी भिंतीतून माझ्याकडं उद्या येतं." हेही बरोबरच होतं. सभा दोन आठवडे पुढं ढकलली.

त्या रात्री लक्षात आलं की मी नियम पाठ केला होता, त्यामागचं कारण मला कधी सुचलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मग बसून विचार केला. पाणी जो जास्त वापरतो त्याच्यामुळं बिल वाढतं. लिफ्टचा बराचसा खर्च मात्र, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, तपासणी, गंजणारे भाग, कोणी दिवसातून एकदा वर गेलं काय नि दहादा गेलं काय, तेवढाच राहतो. हे साधं कारण माझ्याकडून काकांनी काढून घेतलं. ते नसते तर मी आजही पुस्तिका नाचवत बसलो असतो.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी या भानगडीचा बारीक विचार करून ठेवलाय. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी दोघांनी दोन बाजू घेऊन, प्रमाणं म्हणजे पुरावे देत केलेली चर्चा. जल्प जिंकण्यासाठी, त्यात लबाडीही चालते. वितंडेत तर स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची मोडायची. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला, आणि 'शब्दच्छला'तला छलही याच शास्त्रातला. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात छलाचं, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेण्याचं, मजेशीर उदाहरण आहे. कोणी म्हणतं, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. 'नव' म्हणजे नऊही, म्हणून दुसरा लगेच म्हणतो, नऊ कुठं आहेत, एकच तर दिसतेय! फॅमिली ग्रुपवर निम्मा वाद आजही असाच चालतो. हरण्याच्या बावीस जागाही या शास्त्रानं मोजून ठेवल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. विषय सोडून भलतंच बोलणं ही त्यातलीच एक, तिचं नाव अर्थांतर. "तेव्हा तुम्ही कुठं होता?" हे त्याचं आजचं रूप.

मला सगळ्यांत आवडतं ते हे की सूत्रकार जल्प-वितंडेला सरसकट वाईट म्हणत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं नुकत्या उमजलेल्या सत्याच्या रक्षणासाठी ते वापरावेत, असं तो सांगतो. पण कुंपणाला कोणी शेत म्हणत नाही. तुमची नाती बिघडली असतील तर ती बहुधा या काट्यांनी ओरबाडली गेलीत, असा माझा अंदाज आहे.

आता घरी करून बघा असा एक प्रयोग. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. टेबलावर चार पत्ते आहेत, त्यांवर दिसतंय: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या हवी. हा नियम पाळलाय का, हे तपासायला कुठले पत्ते उलटावे लागतील?

मी म्हणालो, अ आणि ४. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि ७ च्या मागं 'आ' निघाला तर?" बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागं काहीही असो, नियम मोडत नाही. माझ्यासारखं चुकणारेच जास्त असतात. मोशमन आणि गेल या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेकट्यानं सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्के लोकांना हे जमलं, आणि आपसात चर्चा करणाऱ्या गटांपैकी ७५ टक्क्यांना. आपला नियम खरा ठरवणारा पत्ता आपल्याला लगेच दिसतो. तो मोडू शकणारा पत्ता दुसऱ्याला दिसतो, कारण त्याला आपल्या नियमाचं प्रेम नसतं.

म्हणूनच आपल्या दर्शनग्रंथांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत, आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही नीट मांडून. वेद न मानणाऱ्या चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास नाहीसे झाले, त्यांचं जे आज कळतं ते बरंचसं त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून. आणि अलीकडचं उदाहरण बाबासाहेबांचं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, मसुदा बघून मंडळ कचरलं आणि अधिवेशनच बारगळलं. बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ मध्ये स्वतः छापलं. गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका छापली आणि तिला दिलेलं आपलं उत्तरही. विरोधकाचा मजकूर आपल्याच पुस्तकात छापायला आपल्या मुद्द्यावर केवढा भरवसा लागत असेल!

कोणाशी वाद घालायचा नाही, हेही ठरवावं लागतं. मी सरळ विचारतो, "काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?" उत्तर "काहीच नाही" असं आलं की मी चहा मागवतो. आणि काकांकडून एक सवय उचललीय. ते बोलायच्या आधी म्हणतात, "म्हणजे तुमचं म्हणणं असं ना की..." आणि आपण "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढं जात नाहीत.

लिफ्टचं काय झालं? पुढच्या सभेत मी पाणी आणि लिफ्ट यांतला फरक सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण कोटेशन एकच का?" निवृत्तीआधी त्यांनी खरेदी खात्यात वर्षं काढली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. खरी सल तिथं होती. आणखी दोन कोटेशनं मागवली, त्यातलं एक अठरा हजारांनी कमी निघालं. काकांनी वर्गणीचा चेक दिला आणि इतिवृत्तात एक ओळ आग्रहानं लिहून घेतली: "तळमजल्याच्या सभासदांना हा खर्च तत्त्वतः मान्य नाही." ती माझ्याच अक्षरात आहे.